चार मिनिटांचे अंतर

आपल्या संघाला हरवणाऱ्या खेळाडूचे कौतुक करावे काय, हा प्रश्न वरवर पोरकट वाटतो. परंतु ज्याने एखाद्या संघाला मनापासून जीव लावला आहे, त्याला या प्रश्नापाशी आपल्या चांगुलपणाची मर्यादा चटकन कळून येते.

२२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर विश्वचषक फुटबॉलच्या उपान्त्यपूर्व सामन्यात अर्जेंटिना व इंग्लंड समोरासमोर आले. चारच वर्षांपूर्वी, १९८२ साली, फॉकलंड बेटांसाठी या दोन देशांत युद्ध झाले होते. ५१व्या मिनिटाला दिएगो मॅराडोनाने उंच उडी घेऊन चेंडू चक्क मुठीने गोलात ढकलला. पंचांना ते दिसले नाही. चार मिनिटांनी त्याच माणसाने स्वतःच्या अर्ध्या भागात चेंडू घेतला, एकामागून एक इंग्लिश खेळाडू चकवले, गोलरक्षक शिल्टनलाही हुलकावणी दिली आणि चेंडू जाळ्यात सारला. २००२ साली फिफाने घेतलेल्या मतदानात हा विश्वचषकातील शतकाचा सर्वोत्तम गोल ठरला. इंग्लंड १-२ असे हरले.

पहिला गोल थोडा आपल्या डोक्याने व थोडा देवाच्या हाताने झाला, असे मॅराडोना सामन्यानंतर म्हणाला. आम्हां धर्मगुरूंना हे अंमळ टोचते. आपली लबाडी देवाच्या खात्यावर मांडण्याची सवय फुटबॉलपुरतीच नाही, हे मात्र खरे.

आता त्या इंग्लिश चाहत्याचे काय? संत थॉमस अक्वायनस यांनी हेव्याची चिकित्सा करताना, दुसऱ्याच्या उत्कर्षाने होणाऱ्या दुःखाचे प्रकार वेगळे केले आहेत. अपात्र माणसाला यश मिळाले म्हणून होणारे दुःख निराळे आणि दुसऱ्याच्या मोठेपणापुढे आपण खुजे ठरतो म्हणून होणारे दुःख निराळे. हेवा तो हा दुसरा. पहिल्या प्रकाराला ॲरिस्टॉटलने सज्जनाचे लक्षण मानले. संत थॉमस तेवढी सवलत देत नाहीत.

मुठीच्या गोलावरचा संताप पहिल्या जातीचा आहे आणि मला तो रास्त वाटतो. पण चाहता तेथेच थांबत नाही. 'तो लबाड होता' हे वाक्य तो दुसऱ्या गोलावरही पांघरतो. जे पाहून हात आपोआप टाळीसाठी उचलले गेले असते, ते नाकारायला त्याला आयते नैतिक कारण सापडते. न्यायाच्या वेषातला हेवा ज्याचा त्यालाही ओळखता येत नाही.

अर्थात चाहत्याची बाजू अगदीच पोकळ नाही. अन्यायाने भांबावलेल्या संघाला चकवणे सोपे जात असेल. ते दोन गोल एकमेकांपासून पुरते सुटे करता येत नाहीत. २०२० साली मॅराडोना वारल्यावरही शिल्टनने लिहिले की, त्याच्यापाशी थोरवी होती, खिलाडूवृत्ती नव्हती. उलट इंग्लंडचा एकमेव गोल करणाऱ्या लिनेकरने, दुसऱ्या गोलाच्या वेळी आपल्याला टाळी वाजवावीशी वाटली, असे सांगितले आहे. टाळी वाजवण्यासाठी पहिला गोल माफ करावा लागतो, असे मला वाटत नाही.

पहिल्या गोलाआधी ज्याच्या पायावरून चेंडू चुकून उंच उडाला, तो इंग्लंडचा स्टीव्ह हॉज. सामना संपल्यावर त्याने मॅराडोनाशी जर्सीची अदलाबदल केली. सहकारी त्या मुठीवरून संतापले होते. हॉजने जर्सी टाकून दिली नाही. तीस वर्षांहून अधिक काळ ती त्याच्या मालकीची राहिली. लोकांना पाहता यावी म्हणून त्याने ती संग्रहालयालाही दिली होती. २०२२ साली लिलावात तिला एकाहत्तर लाख पौंडांच्या आसपास किंमत आली.