बरोबर उत्तर कोणाचे?

पुण्याचे राज्यशास्त्राचे अभ्यासक सुहास पळशीकर यांच्यावर पाठ्यपुस्तकांपायी दोनदा प्रसंग ओढवला. २००६ च्या सुमारास एनसीईआरटीने राज्यशास्त्राची नवी पुस्तके काढली, त्यांचे मुख्य सल्लागार पळशीकर आणि योगेंद्र यादव होते. अकरावीच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ चे एक व्यंगचित्र होते. राज्यघटना नावाची गोगलगाय, तिच्यावर बसलेले आंबेडकर आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. काँग्रेस आघाडीच्या सरकारने चित्र काढून टाकण्याचे कबूल केले, दोघांनी राजीनामे दिले आणि पळशीकरांच्या विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. अकरा वर्षे गेली, सरकार बदलले. त्याच पुस्तकांतले उतारे आता ‘सुसूत्रीकरणा’च्या नावाखाली कापले गेले. तेव्हा जून २०२३ मध्ये दोघांनी पत्र लिहून कळवले, की या पुस्तकांवरून आमची नावे तेवढी काढा.

ही पुस्तके राज्यशास्त्राची. पण इतिहासाच्या पुस्तकांची कथा याहून वेगळी नाही, फक्त लांबलचक आहे. १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले आणि रोमिला थापर, बिपन चंद्र आदींच्या पुस्तकांविरुद्ध एक निनावी टिपण पंतप्रधानांपर्यंत पोचले. पुढच्याच वर्षी रामशरण शर्मांचे प्राचीन भारतावरचे पुस्तक अभ्यासक्रमातून गेले. १९८९ मध्ये डाव्यांच्या पश्चिम बंगालात माध्यमिक शिक्षण मंडळाने परिपत्रक काढले, की मुस्लिम राज्यकर्त्यांनी मंदिरे पाडल्याचे उल्लेख पुस्तकांतून गाळावेत. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातले मुघल दरबारावरचे अख्खे प्रकरण वगळले गेले. कारण दिले मुलांवरच्या ओझ्याचे. ओझे नेमके कुठे हलके करायचे हे मात्र प्रत्येक सरकारला अचूक कळते.

आपल्याकडे २०१७ मध्ये बालभारतीची सातवी आणि नववीची पुस्तके बदलली. सातवीच्या पुस्तकात शिवकाल आणि मराठ्यांचा इतिहास केंद्रस्थानी आला, मुघलांच्या वाट्याला थोडक्या ओळी उरल्या. नववीत आणीबाणी आली, बोफोर्सही आले. यावर टीका झाली ती योग्यच होती, असे मला वाटते. मात्र टीकेचा रोख मला पटला नाही. महाराष्ट्रातल्या मुलाने मराठ्यांचा इतिहास सविस्तर शिकावा, यात गैर काय? दिल्लीच्या तख्तावरून लिहिलेला भारताचा इतिहास हासुद्धा एक पक्षपातच होता. अडचण पुढे येते. शिवाजी महाराज ज्यांच्याशी लढले त्यांची राज्यव्यवस्था, त्यांचा महसूल, त्यांचे दख्खनचे राजकारण पुस्तकातून उणे केले, तर महाराजांचे कर्तृत्वही विरळ होते. समोर कोण उभा होता हेच कळले नाही, तर लढाईचे मोल कसे कळणार?

ओळी मोजण्याच्या या भांडणात दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरून चालतात. पुस्तकात जे छापले जाईल ते मूल गिळणार, म्हणून आपला घास आधी भरवावा. हे गृहीतक फारसे चुकीचेही नाही, कारण आपली परीक्षा तशीच आहे. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, टिपा लिहा, ‘सकारण स्पष्ट करा’. त्या सकारणमधली कारणेही पुस्तकातलीच हवीत. गाइडात ती क्रमाने छापलेली असतात, आणि तपासनिसाच्या हातातल्या नमुना उत्तरपत्रिकेत त्यांचे गुण वाटून दिलेले असतात. या यंत्रात डाव्यांनी माल घातला तर डावा निघेल, उजव्यांनी घातला तर उजवा. यंत्र बदलावे असे मात्र सत्तेवर बसलेल्या कोणालाच वाटलेले नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा दहावीचे पुस्तक आहे. २०१८ मध्ये आलेल्या या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या परंपरांनी होते. रांके, मार्क्स, फुको, स्त्रीवादी लेखन. पुढे कल्हण, सभासदाची बखर, राजवाडे, वंचितांचा इतिहास. शालेय पुस्तकासाठी ही मोठीच झेप होती आणि ती घेणाऱ्यांचे कौतुक करायला हवे. इतिहासकार कुठे उभा राहून लिहितो त्यावर त्याचा इतिहास ठरतो, हे पंधरा वर्षांच्या मुलाला सांगायचे धाडस त्यांनी केले. मग स्वाध्याय उघडावा. आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, खाली चार पर्याय. ‘आर्केऑलॉजी ऑफ नॉलेज’ हा ग्रंथ कोणाचा, पुन्हा चार पर्याय. ज्ञान आणि सत्ता यांचे साटेलोटे उघडे करण्यात ज्याची हयात गेली, तो फुको आपल्याकडे एका गुणाच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर होऊन बसला आहे.

छापील पुस्तकाशी भांडण्याची परंपरा खरे तर आपल्याकडे जुनी आहे. साताऱ्याला इंग्रजांचा राजकीय अधिकारी असलेल्या ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. लवकरच त्याचे मराठी भाषांतर झाले आणि ते शाळांतून शिकवले जाऊ लागले. चाळीसेक वर्षे मराठी मुले आपल्या पूर्वजांविषयी डफचे मत पाठ करत होती. १८६७-६८ मध्ये नीळकंठ जनार्दन कीर्तने या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाने त्या पुस्तकावर टीका लिहिली. वय तेवीस-चोवीस. डफने कोणती साधने पाहिली, कोणती सोडली आणि त्याचे निष्कर्ष का टिकत नाहीत, हे त्याने विचारले. पुढे राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळली, त्या वाटेची सुरुवात इथे आहे. आज आपण कीर्तन्यांचे नाव अभिमानाने घेतो. वर्गात मात्र आपल्याला डफच हवा असतो, फक्त आपल्या पक्षाचा.

साधने अशी तपासण्याचे, पाचवी-सहावीच्या मुलालाही समजेल असे एक उदाहरण आपल्या दारातच आहे. शिवाजी महाराजांचा जन्म कधी झाला? एके काळी १६२७ हे साल सर्रास सांगितले जाई, कारण काही बखरींत ते होते आणि डफनेही तेच दिले होते. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची तारीखवार नोंदींची यादी, प्रसिद्ध केली. तीत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० निघाली. तंजावरला सापडलेले परमानंदाचे ‘शिवभारत’ सदाशिव महादेव दिवेकरांनी १९२७ मध्ये छापले, त्यातही तेच साल. राजस्थानात मिळालेल्या महाराजांच्या कुंडलीचा कौलही तिकडेच. १९६६ मध्ये शासनाने तज्ज्ञांची समिती नेमली, तिच्यातही एकमत झाले नाही. पुढे शासनाने १६३० ची तारीख स्वीकारली. माझ्या मते पुरावा त्याच बाजूला झुकतो.

या वादात कोणाची जात दुखावत नाही, कोणाचा धर्म बुडत नाही. बखर किती उशिरा लिहिली गेली, शकावली कोणत्या घराण्यातून आली, कुंडलीवर किती विसंबावे, एवढेच प्रश्न आहेत. पण आपण मुलाच्या हाती १९ फेब्रुवारी १६३० एवढेच ठेवतो. त्या तारखेमागची ही सगळी शोधाशोध, जी कोणत्याही किल्ल्याच्या गोष्टीइतकी चित्तवेधक आहे, आपण कापून टाकतो.

म्हणून राज्य मंडळाकडे एकच मागणे आहे. पुढच्या दहावीच्या प्रश्नपत्रिकेत बखरीतला एक उतारा आणि जेधे शकावलीतली ती एक नोंद शेजारी शेजारी छापा. खाली विचारा, यातले तुम्हांला काय अधिक विश्वसनीय वाटते आणि का. चार गुण ठेवा. आणि तपासनिसांना लेखी कळवा, की १६२७ लिहिणाऱ्या मुलाने कारण नीट दिले असेल, तर त्यालाही चारपैकी चार द्यावेत.