पॉइंट बदलले तर गाडी तीच?

मामंजींची पद्मिनी तलमडुगूच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. पुतण्या म्हणतो, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू. जाऊबाई म्हणतात, मामंजींच्या गाडीला हात नको.

बायांनो, वादाआधी डेल्कोचं टोपण उघडून बघा. आत दोन चिमुकले पॉइंट. इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेतं तेव्हा ते 6,000 वेळा उघडतात, मिटतात. झिजणारच! मामंजी ते पॉलिश पेपरनं घासत, फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत बसवत. नव्या संचात घासणारं काही नाही. चुंबक फिरतं, सेन्सर ठिणगीची वेळ ठरवतो. टोपण लावलं की बाहेरून सगळं जसंच्या तसं.

मग मूळपण कशात? कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेले पॉइंट तर मामंजींच्याच हातून भंगारात गेले. तेव्हा कुणी हळहळलं नाही. जाऊबाईंना जपायचं आहे ते त्यांचं बॉनेटवर वाकून कान देणं. ते मलाही मोलाचं वाटतं. पण तो कान आज घरात कुणाला आहे? न चालवता ठेवणं म्हणजे जपणं, हे मला पटत नाही.

एक मात्र खरं, आदिलाबादच्या वाटेवर सेन्सर गेला तर घासून चालू होत नाही. म्हणून जुने पॉइंट नि कंडेन्सर डिकीत असू द्यावेत. आणि उद्या गाडी विकलीच, तर घेणाऱ्याला टोपण उघडून दाखवावं.