कर्कशाचे माप

कर्कश आवाज मुद्दाम काढावा आणि त्यालाच संगीत म्हणावे, हा उद्धटपणा म्हणायचा की कला? ज्या घरात विजेची गिटार आली आहे, तेथे हा वाद फराळाच्या ताटावरही निघतो. वडीलधाऱ्यांचा निकाल ठरलेला असतो. मला तो तितका सोपा वाटत नाही.

‘इंडस्ट्रियल मेटल’चेच घ्या. कारखान्याच्या ठोक्यांचे हे संगीत. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात १९६५ साली टोनी आयोमी नावाच्या सतरा वर्षांच्या पोराच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली गेली. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली आणि पुढे तारा सैल केल्या. त्या उतरलेल्या, जड स्वरातून मेटल उभे राहिले. त्याच शहरात १९८८ साली ‘गॉडफ्लेश’ निघाली. तिने तर तालवादकाच्या जागी यंत्रच बसवले.

आम्हां खामगावकरांना हे परके वाटू नये. १८७० साली जलंबहून येथवर आगगाडी आली ती कापसासाठी, आणि जिनांच्या घरघराटातच आमच्या पिढ्यांच्या झोपा झाल्या. पण ज्या यंत्राने बोटे खाल्ली त्याचाच आवाज गाण्यात आणायचा, ही यंत्राची पूजा नव्हे काय?

उत्तर मला तो स्वर लावण्याच्या रीतीत सापडते. नवशिका ‘गेन’ची कळ शेवटापर्यंत पिळतो. विजेच्या लहरीचे शेंडे छाटले जातात, आवाज फाटतो, गुरगुरतो. पण जोर येत नाही, नुसता चिखल होतो. मुरलेला वादक कळ उलटी फिरवतो. आवाज फाटण्यापूर्वीच तो खर्जाचा घुमारा कापतो, कारण फाटलेला खर्ज गढूळतो. मधले स्वर मात्र राखतो. ते काढले तर खोलीत भारदस्त वाटणारी गिटार मेळात ऐकूच येत नाही. तारांवर बहुधा षड्ज-पंचम एवढेच. गांधार मिसळला की त्या फाटक्या आवाजात भांडण लागते. आणि उजव्या हाताचा तळवा घोडीजवळ टेकलेला: ठोका पडला की तार गप्प. उरलेली खरखर ‘नॉइज गेट’ दाराबाहेर ठेवतो. पण दार फार घट्ट लावले तर लांबलेला स्वरही मध्येच मरतो.

मिरजेचा तंबोरा तरी काय करतो? घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून तार मुद्दाम झणझणवतात. धागा थोडा हलला की जवारी बिघडली.

जिनाला तळवा नसतो. ते आपणहून थांबत नाही. यंत्रासारखे वाजवणाऱ्या माणसाचा सारा अभ्यास मात्र थांबण्याचाच. रागाचेही असेच असावे. कापसाच्या भावासाठी भरलेल्या सभेत पहिल्या वाक्यापासून किंचाळणाऱ्या वक्त्याचे पाचव्या मिनिटाला कोणी ऐकत नाही. (आम्हां मास्तर लोकांच्या घशाचा ‘गेन’ही जास्तच असतो.) कोणी म्हणेल, संयमाचा उपदेश सुखवस्तूंच्या सोयीचा. खरे आहे. पण मी सौम्यपणा सांगत नाही. तो स्वर सौम्य नाहीच; कारखान्याइतकाच तो कठोर आहे. फक्त कोठे तुटायचे हे त्याने स्वतः ठरवलेले आहे.

आता हे रात्री दहानंतर शेजाऱ्यांना पटवून देणे, ही गोष्ट वेगळी.