घरचीच दृष्ट

व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात एका दोनेक वर्षांच्या मुलाचे चित्र आहे. अंगात तांबूस झगा, त्यावर पांढरे झिरझिरीत वस्त्र. एक हात शेजारच्या छोट्या खुर्चीच्या पाठीवर अलगद टेकलेला, आणि खुर्चीत एक इवलेसे पांढरे कुत्रे. मुलाचा चेहरा फिकट, डोळ्यांत खोडकरपणाचा मागमूस नाही. आणि अंगावर दोऱ्यांना अडकवलेले काय काय आहे पाहा! एक छोटी घंटा आहे, ताईत आहेत, वाईट नजर लागू नये म्हणून बांधलेल्या आणखी काही वस्तू आहेत.

आपल्या आयाबहिणींना हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. गालावरची तीट, मनगटातला काळा दोरा, तिन्हीसांजेला मीठमोहऱ्यांनी काढलेली दृष्ट, यांचेच ते स्पेनमधले भावंड. हे मूल मात्र साधेसुधे नव्हते. तो होता स्पेनचा युवराज फेलिपे प्रोस्पेरो. चित्र काढले १६५९ साली दरबारचा थोर चित्रकार वेलास्केस याने. पुढच्याच वर्षी चित्रकार गेला, आणि त्यानंतर सव्वा वर्षाने ते मूलही गेले.

या मुलाची हकीकत नीट कळायला थोडे मागे जावे लागते. त्याचा बाप चौथा फिलिप हा त्या काळच्या एका अफाट साम्राज्याचा धनी. त्याचा एकुलता मुलगा बाल्तासार कार्लोस १६४६ साली, सतरावे वर्ष पुरे होण्याआधीच वारला. त्या मुलाचे लग्न फिलिपच्या बहिणीच्या मुलीशी, ऑस्ट्रियाच्या मारियानाशी, ठरलेले होते. आता मुलगा गेला, राणी तर आधीच गेली होती, आणि गादीला वारस हवा. तेव्हा १६४९ साली राजाने त्या भाचीशी स्वतःच लग्न केले. तो ४४ वर्षांचा, ती १४ वर्षांची. जी सून म्हणून यायची, ती राणी होऊन आली, आणि सख्खा मामा तिचा नवरा झाला.

मामा-भाचीचे लग्न आपल्या दक्षिणेकडेही काही समाजांत रूढ आहे, म्हणून एवढ्याने कोणी दचकायला नको. पण हाप्सबर्ग घराण्यात ही एका लग्नाची गोष्ट नव्हती. राज्य घरातून बाहेर जाऊ नये म्हणून पिढ्यान् पिढ्या ते आपसातच मुली देत-घेत आले होते. रक्त फिरून फिरून त्याच विहिरीत पडत होते.

२८ नोव्हेंबर १६५७ रोजी फेलिपे जन्मला. कित्येक वर्षांनी गादीला वारस आला. पण मूल पहिल्यापासून अशक्त. त्याला फेफरे येत. धाकटा भाऊ झाला, तो वर्षाच्या आत गेला. ताईत वाढले, नवस वाढले. १ नोव्हेंबर १६६१ रोजी, चौथा वाढदिवस चार आठवड्यांवर असताना, फेलिपे गेला. आणि पाचच दिवसांनी, ६ नोव्हेंबरला, त्याच आईच्या पोटी दुसरा मुलगा झाला, कार्लोस. एकाच आठवड्यात त्या राजवाड्यात सुतकही आले आणि सोयरही! वारस गेला होता, वारस आला. राज्याचा हिशेब जुळला. आईचा हिशेब असा जुळतो का, हे तिला विचारायला कोण गेले असेल?

राजा दगडाच्या काळजाचा नव्हता. आग्रेदा गावच्या मठातल्या मारिया नावाच्या जोगिणीला तो वर्षानुवर्षे पत्रे लिहीत असे. राज्यावरची आणि घरावरची संकटे ही आपल्याच पापांची शिक्षा आहे, असे त्याला मनापासून वाटे. पापे होतीही. त्याचा पाय घसरलेला होता, आणि लग्नाबाहेरची त्याची मुले पुष्कळ होती.

इथेच मला या गोष्टीतला खरा काटा दिसतो. राजाच्या ज्या पापांतून झालेल्या मुलांमध्ये एक हुआन होसे होता. आई नटी. हा मुलगा चांगला धडधाकट निघाला, त्याने सैन्ये हाकली, राज्यकारभार केला आणि पन्नाशीला येऊन तो वारला. आणि राजाने जे कर्तव्य म्हणून केले, घराण्यासाठी, राज्यासाठी, चारचौघांच्या संमतीने केले, त्या लग्नातली मुले एकामागून एक मातीत गेली! म्हणजे राजा आपली चूक शोधत होता खरा, पण ज्याची त्याला लाज वाटत होती तिथेच शोधत होता. ज्याचा अभिमान वाटत होता तिथे त्याने दिवा नेलाच नाही.

कोणी म्हणेल, त्याला काय ठाऊक? आनुवंशिकतेचे शास्त्र तेव्हा कुठे होते? हे अगदी खरे. त्या काळी गरिबांची काय नि राजांची काय, मुले सरसकट दगावत. याच राजाच्या पहिल्या राणीचीही कितीतरी मुले गेली होती. एका मुलाच्या मृत्यूचे खापर एकाच कारणावर फोडता येत नाही. २००९ साली स्पेनमधल्या संशोधकांनी या घराण्याची वंशावळ तपासली, तेव्हा सख्ख्या बहीणभावंडांच्या संबंधातून जन्मलेल्या मुलात रक्ताची जेवढी पुनरुक्ती असेल, तेवढी कार्लोसमध्ये आढळली. फेलिपे त्याचाच सख्खा भाऊ. पण हे आजचे ज्ञान झाले.

तरीही राजा पुरता सुटत नाही. काका-पुतणी, मामा-भाची यांचे लग्न त्यांच्या धर्मशास्त्राने निषिद्ध मानले होते. त्यासाठी पोपची खास सूट घ्यावी लागे. कुंपण आहे हे माहीत होते, आणि दार उघडून घेण्याची सोयही माहीत होती. शिवाय शहाणपण कुठे आले? फेलिपेचे ते चित्र व्हिएन्नाच्या सम्राटाकडे, म्हणजे त्याच्या मामाकडे, धाडले गेले. त्याच मामाशी १६६६ साली फेलिपेच्या बहिणीचे, मार्गारिताचे, लग्न झाले. १६७३ साली, अवघ्या २१ व्या वर्षी, तीही गेली. कार्लोस जगला, राजा झाला, पण जन्मभर रोगी, आणि निपुत्रिक. १ नोव्हेंबर १७०० रोजी, भावाच्या मृत्यूच्याच तारखेला, तो वारला आणि स्पेनमधले ते घराणे संपले. मग ज्या गादीसाठी हे सगळे केले, तिच्यासाठी युरोपने १७१४ पर्यंत रक्त सांडले.

आता ते ताईत पुन्हा डोळ्यांपुढे आणा. ते सारे बाहेरच्या नजरेसाठी होते; कोणी परका, कोणी मत्सरी, कोणी चेटकीण. घरच्यांच्या नजरेवर मात्र ताईत नव्हता. ती नजर त्या पोरात पोर पाहत नव्हती, गादी पाहत होती.

मी शाळामास्तर आहे. दर जूनमध्ये नाव घालायला येणारे बाप मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, “याने आमचे नाव काढले पाहिजे, मास्तर.” मी मान डोलावतो. मीही बाप आहे. माझ्याही तोंडी हे वाक्य आलेले आहे. त्यात प्रेम नाही असे कोण म्हणेल? पण मुलाला मारल्याचा, रागावल्याचा आपल्याला रात्री पश्चात्ताप होतो, तसा त्याच्या खांद्यावर आपले नाव ठेवल्याचा कधी होतो का? होत नाही, कारण ते आपण कर्तव्य समजतो.

या दिवाळीत घरातल्या लेकरांना ओवाळताना दिव्याच्या उजेडात त्यांचा चेहरा जरा निरखून पाहावा. वेलास्केसने पाहिला तसा. दरबारात सगळे वारस पाहत होते, तेव्हा त्या म्हाताऱ्या चित्रकाराने एक थकलेले मूल पाहिले आणि त्याच्याजवळ एक कुत्रे बसवले.