मिठासाठी राखलेली दलदल

आधारवचन : यहेज्केल 47:11



यहेज्केल संदेष्ट्याचे हे दर्शन आपण पुष्कळदा वाचले आहे. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघते. ते घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत चढते, आणि अखेरीस पोहून जावे लागेल एवढी नदी होते. ती ज्या खाऱ्या समुद्रास मिळते तो निरोगी होतो, कोळी त्याच्या काठी जाळी पसरतात, आणि तीरावरच्या झाडांची पाने औषधी होतात. उपदेश करताना आपण बहुधा येथेच थांबतो. परंतु मध्ये एक लहानसे वचन आहे, त्याकडे आपले लक्ष जात नाही. त्या समुद्राकाठची दलदल व पाणथळ जागा गोड होणार नाहीत. त्या मिठासाठी नेमून दिल्या आहेत, असे देव तेथे सांगतो.

कित्येक टीकाकार ह्या वचनात देवाचा दंड पाहतात. जेथे कृपेचे पाणी पोहोचले नाही तेथे ओसाडी राहिली, असे ते म्हणतात. तो अर्थ आम्ही तुच्छ मानीत नाही. तथापि ह्याच संदेष्ट्याच्या 43 व्या अध्यायात याजकांनी होमार्पणावर मीठ टाकावे अशी आज्ञा आहे. वेदीला जे मीठ पाहिजे, ते अशाच जागांतून यावयाचे. ज्या देवाने मंदिर हाताहाताने मोजवून घेतले, तो वाटणी करताना दलदलीस विसरला नाही. मनुष्याच्या दृष्टीने ती टाकलेली जागा. देवाच्या दृष्टीने ती राखलेली जागा.

ह्या वचनाचा अर्थ आम्हांस नवी मुंबईत सेवा करताना उमजू लागला. आपल्या खेड्यांतून पुष्कळ तरुण तिकडे पोटासाठी गेले आहेत, म्हणून त्या नगराचे नाव आपणांस परके नाही. 1970 साली ते वसविण्यासाठी सिडको स्थापन झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील 95 गावांच्या जमिनी त्या कामी नेमल्या गेल्या. ती भातशेतीची, मिठागरांची व खाडीकाठची गावे. तेथे आगरी व कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. 1984 च्या जानेवारीत जासईच्या परिसरात आपल्या जमिनीच्या हक्कासाठी उभ्या राहिलेल्यांपैकी पाच जण गोळीबारात मरण पावले. तेव्हा प्रियहो, त्या उंच इमारतींखाली कोणाचे तरी शेत आहे आणि कोणाचे तरी अश्रू आहेत, हे आपल्या तेथील मुलांनी विसरू नये.

ज्यांनी खाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा आत चढते व दोनदा ओसरते. त्या चिखलात तिवराची झाडे उभी असतात. चिखलात हवा नसते, म्हणून त्यांची मुळे जमिनीतून वर येऊन श्वास घेतात. आणि शोषलेले मीठ ती झाडे पानांवाटे बाहेर टाकतात. त्या मुळांच्या आश्रयाने कोळंबी, चिंबोरी व मासळीची पिल्ले वाढतात. लाट आली तर तिचा पहिला मार हीच झाडे सोसतात. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांच्या अंगावरचा गुलाबी रंग कोठून येतो? ज्या चिखलास आपण घाण म्हणतो, त्यातील सूक्ष्म शेवाळ व बारीक जीव खाऊन तो रंग त्यांच्या पिसांत उतरतो. शलमोनाच्या वैभवाहून अधिक सुंदर वस्त्र देव चिखलातून विणतो.

एवढे असता मनुष्य त्या जागेस पडीक म्हणतो, भराव घालतो व केरकचरा टाकतो. 2024 च्या एप्रिल महिन्यात नेरुळच्या एका तळ्यावर रोहित पक्षी मरून पडले. भरतीचे पाणी आत येण्याची तोंडे बुजली होती आणि तळे कोरडे पडले होते. समुद्र दूर गेला नव्हता. तो रोज भरतीस येतच होता. वाट तेवढी बंद झाली होती. बंधूंनो, पुष्कळ मंडळ्यांची हीच दशा नाही काय? देवाची कृपा रोज भरतीसारखी दाराशी येते. आपण लोभाचा भराव घालून तिची वाट बुजवितो, आणि मग मंडळी सुकली म्हणून शोक करतो.

आता ह्या वचनावरून तीन गोष्टी शिकू.

पहिली गोष्ट ही की, भूमी देवाची आहे. लेवीय 25 मध्ये तो आपल्या लोकांस सांगतो की भूमी माझी आहे, तुम्ही तिच्यावर उपरे व प्रवासी आहा; आणि सातव्या वर्षी तिला विसावा द्यावा अशी तो आज्ञा करतो. एदेन बागेत आदामास ठेविले ते मशागत करावयास व राखावयास. मशागत आपण शिकलो, राखणे विसरलो. सरकारी कायदाही आता ह्या वाटेने येत आहे. ठाण्याच्या खाडीस 2015 साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य ठरविले गेले; 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांचा नाश करण्यास मनाई केली; 2022 साली खाडीची जगातील मोलाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गणना झाली. कायद्याने जे आता सांगितले, ते पवित्र शास्त्र आरंभापासून सांगत आले आहे. मग शास्त्र हाती असणाऱ्यांनी मागे का राहावे?

दुसरी गोष्ट, ही राखण मुलांस शिकविली पाहिजे. आपला प्रभू शिष्यांस आकाशातील पाखरांकडे व रानातील फुलांकडे पाहावयास सांगत असे. त्याची शाळा डोंगरावर, शेतात व तळ्याच्या काठी भरे. ऐरोली येथे 2017 पासून किनारी व सागरी जैवविविधतेचे केंद्र आहे. तेथे मुलांस तिवर, मासे व पक्षी ह्यांची माहिती देतात, आणि भरती अनुकूल असली म्हणजे होडीतून खाडी दाखवितात.

तिकडे आम्ही शब्बाथशाळेची मुले नेली होती. त्याच आठवड्यात आमच्या मंडळीचा पिकाच्या उपकारस्तुतीचा सण झाला होता. जेवणाला थर्मोकोलच्या ताटल्या होत्या. 2018 पासून राज्यात त्यांस बंदी आहे हे ठाऊक असूनही आम्ही मुकाट्याने त्यांत जेवलो, आणि उरलेली पोती कोणी मागच्या नाल्यात लोटली तेव्हा पाहून न पाहिल्यासारखे केले. खाडीकाठी पोहोचल्यावर ओहोटी लागली, आणि तिवराच्या मुळांत तशाच पांढऱ्या ताटल्या अडकलेल्या दिसल्या. आठ वर्षांच्या एका मुलीने आमचा हात धरून विचारले, "पाळकसाहेब, ह्या आपल्याच का?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. त्या आमच्याच होत्या की दुसऱ्या कोणाच्या, हे देव जाणे. परंतु आमच्या असू शकत होत्या, एवढे दोषी ठरण्यास पुरे होते. पाच हजारांस जेवू घातल्यावर आपल्या प्रभूने उरलेले तुकडे गोळा करविले, काही वाया जाऊ दिले नाही. आणि त्याच्या नावाने जेवणाऱ्या आम्ही बारा टोपल्यांऐवजी बारा पोती नाल्यात टाकली! पुढच्या रविवारी आम्ही हे पाप मंडळीपुढे कबूल केले. तेव्हापासून प्रीतिभोजनास ज्याने त्याने घरून ताट आणावे असा नियम झाला आहे. बोध करावयास आलेल्यास त्या लेकराकडून बोध झाला.

तिसरी गोष्ट, ही राखण एकट्याने होत नाही. कोकणातील खारजमिनीचे शेतकरी समुद्राचे पाणी अडविण्यास बांध घालीत. बांध सर्वांचा, म्हणून दुरुस्तीस घरटी माणूस येई. एकाने आपल्यापुढचे भगदाड तसेच ठेविले, तर खारे पाणी त्याच्या एकट्याच्या शेतात थांबत नसे. ते साऱ्या गावाचे भात जाळी. आपल्या गावचा ओढा, विहीर, गायरान हेही असेच सामाईक बांध आहेत. आम्ही ख्रिस्ती आहो, गावचा ओढा तो गावकऱ्यांचा, असे म्हणून वेगळे बसू नका. आपल्या कळपाबाहेरच्या शेजाऱ्यांपासूनही शिका. प्रभूने शोमरोन्याचा दाखला दिला तो उगीच नव्हे. पनवेल तालुक्यात तारा गावी युसुफ मेहेरअली सेंटरचे लोक घाणीचे तेल, साबण, मातीची भांडी अशा ग्रामोद्योगांतून गावातल्या हातांस काम देत आले आहेत. चांगले जेथे दिसेल तेथे देवाचे उपकार मानावे व आपणही तसे करावे.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांस आमची विनंती आहे. महिन्यातून एक शब्बाथशाळा झाडाखाली भरवा, आणि त्या झाडाचे, त्यावरच्या पाखराचे नाव मुलांस विचारा. ठाऊक नसेल तर गावच्या म्हाताऱ्यास विचारून या. प्रार्थनामंदिराच्या मागे खताचा खड्डा करा. सणाच्या दुसऱ्या दिवशी मंडळीने आपले आवार व ओढा स्वतः झाडावा, आणि पाळकाने झाडू आधी हाती घ्यावा.

प्रियहो, आपल्यापैकी किती जणांच्या वाडवडिलांस जगाने गावाबाहेरची दलदल समजून टाकून दिले होते! देवाने तसे म्हटले नाही. त्याने त्यांस राखून ठेविले, आणि पृथ्वीचे मीठ म्हटले. ज्यांस अशी दया मिळाली, त्यांनी देवाने राखलेली कोणतीही जागा टाकाऊ म्हणू नये.

हे प्रभो, आमच्या लोभाने बुजलेल्या वाटा मोकळ्या कर, आणि आमच्या लेकरांनी विचारलेल्या प्रश्नांस खरे उत्तर देता येईल असे जीवन आम्हांस दे. आमेन.