न खाणारा पक्षी

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे हे दोन तालुके (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात) मुख्यतः किल्ल्यांसाठी ओळखले जातात, आणि किल्ला पाहणाऱ्याची नजर बहुधा तट, बुरूज, टाकी आणि लढाया यांतच गुंतून राहते. दरवाज्यावर कोरलेल्या प्राण्यापाशी ती क्वचितच थांबते. भोरच्या दक्षिणेस, बाजारवाडी गावाच्या डोक्यावर उभ्या असलेल्या रोहिडा ऊर्फ विचित्रगडाच्या दुसऱ्या दरवाज्यावर सिंह आणि शरभ यांची शिल्पे आहेत. सिंह कोणालाही ओळखू येतो. शरभ मात्र निसर्गात नाही. तो कल्पनेतून जन्मला, आणि जी कल्पना शतकानुशतके दगडात उतरत राहिली तिच्यामागे काही प्रश्न असलाच पाहिजे. हा प्रश्न असा मांडता येतो : भारतीय धर्मकलेने पक्ष्याला पावित्र्य दिले ते कशासाठी, त्याच्या बळासाठी की आणखी कशासाठी?

महाभारतातील शरभ हा पर्वतात राहणारा, आठ पायांचा आणि सिंहालाही मारणारा पशू आहे. पुढे शैव पुराणांनी त्याला पंख आणि चोच देऊन देवत्वाला नेले. हिरण्यकशिपूच्या वधानंतरही नृसिंहाचा क्रोध शमेना, तेव्हा शिवाने अर्धे अंग पशूचे आणि अर्धे पक्ष्याचे असे शरभरूप घेऊन त्याला आवरले, अशी ही कथा आहे. तमिळनाडूतील दारासुरम येथील ऐरावतेश्वर या चोळकालीन मंदिरात या रूपाची मूर्ती आहे. वैष्णव परंपरेने त्याला उत्तर दिले ते गंडभेरुंडाच्या रूपाने. गंडभेरुंड म्हणजे दोन डोक्यांचा महाबलाढ्य पक्षी. शरभाला हरवण्यासाठी नृसिंहानेच हे रूप घेतले, असे ही परंपरा सांगते. कर्नाटकात बळ्ळिगावे येथे १०४७ साली उभारलेला गंडभेरुंडाचा स्तंभ आजही आहे. बाराव्या शतकातील बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरावर तर या चढाओढीची साखळीच कोरलेली दिसते : हरणाला अजगर गिळतो, अजगराला हत्ती उचलतो, हत्तीवर सिंह झडप घालतो, सिंहाला शरभ खातो आणि शरभाला गंडभेरुंड. या शिल्पकाराने बळाचा सिद्धांत अत्यंत प्रामाणिकपणे मांडला आहे, कारण बळ हेच मूल्य मानले की प्रत्येक विजेत्याच्या मागे त्याला खाणारा दुसरा कोणीतरी यावाच लागतो, आणि या साखळीला शेवट असा राहत नाही.

महाराष्ट्रातील किल्ल्यांवर आलेला शरभ या पंथीय वादापासून बराच दूर गेलेला आहे. त्याचे शरीर बहुधा वाघ-सिंहाचे असते, खांद्यापाशी पंखांची खूण कधी स्पष्ट तर कधी नुसती वेटोळ्यासारखी असते, आणि अनेक ठिकाणी त्याच्या पंजांत हत्ती सापडलेले दाखवलेले असतात. जंजिऱ्याच्या दरवाज्यावरही हत्तींना पंजांत धरणारा असाच पशू आहे, आणि तो किल्ला सिद्दींचा होता. रोहिड्याचा तिसरा दरवाजा या दृष्टीने अधिक बोलका आहे. त्याच्या दोन्ही अंगांना हत्तीची मस्तके कोरलेली आहेत, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला फारसी शिलालेख आहे, आणि शके १५७८, म्हणजे इ. स. १६५६, हा त्यातील काळ मुहंमद आदिलशहाच्या कारकिर्दीच्या अखेरीचा आहे. दोन भाषांत बोलणाऱ्या या दरवाज्यांच्या मालिकेतील शरभ कोणत्याही एका देवाचा उरलेला नाही; तो गडाच्या सत्तेचा पहारेकरी झाला आहे. शिव श्रेष्ठ की विष्णू, या वादाचेही या मुलखात फारसे काही उरले नाही. भोर तालुक्यातील नसरापूरजवळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलेल्या बनेश्वर मंदिरात शिवलिंगाबरोबर विष्णू-लक्ष्मीच्याही मूर्ती आहेत, आणि तेथे येणाऱ्या भाविकाला त्यात काही विसंगत वाटत नाही.

पंजात हत्ती धरलेला पंखवाला जीव ही प्रतिमा शरभाइतकीच गरुडाचीही आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. महाभारताच्या आदिपर्वातील कथेप्रमाणे गरुडाची आई विनता ही आपली सवत कद्रू हिची दासी झालेली असते, आणि कद्रूचे पुत्र असलेले नाग तिच्या सुटकेची किंमत म्हणून अमृत मागतात. अमृत आणायला निघालेल्या गरुडाला अपार भूक लागते. तेव्हा तो एक हत्ती आणि एक कासव दोन पंजांत उचलतो. हे दोघे पूर्वजन्मीचे भाऊ असून वाटणीवरून भांडल्यामुळे त्यांना हे जन्म आलेले असतात. (रोहिडखोऱ्यातील जेधे आणि खोपडे या देशमुखी घराण्यांचे वैर ज्याने वाचले आहे त्याला या भावांची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही.) भक्ष्य खाण्यासाठी गरुड ज्या फांदीवर टेकतो ती मोडते, आणि तिला वालखिल्य नावाचे अंगठ्याएवढे ऋषी उलटे लटकून तप करीत असल्याचे त्याला दिसते. त्यांना इजा होऊ नये म्हणून तो फांदी चोचीत धरतो आणि दोन्ही पंजांतले ओझे न सोडता, ऋषींना सुखरूप उतरवता येईल अशी जागा शोधत उडत राहतो. पंजात भक्ष्य, पोटात भूक आणि चोचीत दुसऱ्याचा जीव अशा स्थितीत खाणे लांबणीवर टाकणारा हा पक्षी पुढे जे करणार आहे त्याची तयारी येथेच झालेली आहे.

कारण पुढे तो देवांना हरवून अमृतकुंभ घेऊन निघतो आणि त्यातला थेंबही पीत नाही. अमृत आईच्या सुटकेसाठी आणलेले आहे, स्वतःसाठी नाही, एवढाच त्याचा विचार असतो. मूळ कथेत विष्णू प्रसन्न होतो तो याच निर्लोभीपणावर; देवांचा पराभव करणाऱ्या पराक्रमाचे नाव तेथे निघत नाही. गरुड वर मागतो तो विष्णूच्याही वर राहण्याचा आणि अमृत न पिताच अमर होण्याचा. त्याहून विलक्षण म्हणजे तोही विष्णूला वर देऊ करतो, आणि विष्णू मागतो की, तू माझे वाहन हो. दोन्ही वर एकाच वेळी पाळायचे म्हणून गरुड ध्वजावर, म्हणजे देवाच्या वर, आणि वाहन म्हणून देवाच्या खाली, अशा दोन्ही जागी असतो. भक्त आणि देव यांच्यातील नात्याचे इतके नेमके चित्र तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतही विरळाच सापडते, कारण येथे दास्य लादलेले नाही, मागून घेतलेले आहे, आणि मागणारा देव आहे.

मंदिरांसमोरील गरुडमूर्तीकडे या कथेनंतर पाहिले तर तिचा अर्थ बदलतो. देह माणसाचा, नाक चोचीसारखे टोकदार, पाठीशी पंख मिटलेले, एक गुडघा टेकलेला आणि हात जोडलेले, अशी ही मूर्ती असते. पक्ष्याची ओळख ज्या उडण्याने होते ते उडणेच शिल्पकाराने काढून घेतले आहे. पंढरपूरला विठ्ठलाच्या मंदिरात गरुड देवासमोर आहेच. शिवाय दर्शनाला जाणारा वारकरी गरुडखांबाला मिठी मारून पुढे जातो. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून पंढरीला जाणाऱ्या माळकऱ्याच्या दृष्टीने गरुड हा अशा रीतीने पाहण्याच्या आधी कवेत घेण्याचा आहे. रोहिड्यावरचा शरभ दरवाज्यात येणाऱ्याला धाक घालतो. गरुड आत जाण्याची वाट दाखवतो. दोघांनाही पंख आहेत आणि पंजेही आहेत. फरक आहे तो हातात आलेल्या गोष्टीचे पुढे काय करायचे, या निर्णयात.

हाच फरक उपनिषदांनी कथेवाचून, नुसत्या एका प्रतिमेत सांगितला आहे. ऋग्वेदात प्रथम आलेली आणि मुंडक व श्वेताश्वतर या उपनिषदांनी पुन्हा घेतलेली ही प्रतिमा अशी की, एकाच झाडावर दोन जिवलग पक्षी बसलेले आहेत. एक झाडाचे फळ खातो, दुसरा न खाता केवळ पाहतो. झाड म्हणजे देह, फळ म्हणजे कर्माचे फळ, खाणारा तो जीव आणि पाहणारा तो ईश्वर, असा याचा रूढ अर्थ केला जातो. मध्वाचार्यांच्या परंपरेने जीव आणि ईश्वर यांच्यातील कायमच्या भेदाला येथे आधार शोधला, तर शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात पैंगिरहस्य ब्राह्मणाचा दाखला देऊन असाही पर्याय नोंदवला की, खाणारा पक्षी म्हणजे अंतःकरण आणि पाहणारा म्हणजे आत्मा. म्हणजे दोन्ही पक्षी एकाच माणसाच्या आत बसलेले ठरतात. गरुडाच्या कथेजवळ हा दुसरा अर्थ अधिक येतो, कारण भुकेला गरुड आणि अमृताला न शिवणारा गरुड हे दोन वेगळे पक्षी नाहीत.

परंतु न खाणे हेच पावित्र्य, असे म्हणून थांबले तर तो सिद्धांत फार कोरडा होईल आणि या प्रदेशातील सर्वांत जिवंत पक्षिविधी त्याच्या बाहेर राहील. मृताच्या दहाव्या दिवशी नदीकाठी भाताचे पिंड मांडले जातात आणि घरची माणसे मागे सरून कावळ्याची वाट पाहतात. कावळे झाडावर असतात, पण पिंडाला शिवत नाहीत. मग कोणीतरी पुढे होऊन हात जोडतो आणि गेलेल्याला सांगतो की, मुलांचे आम्ही पाहू, धाकटीचे लग्न नीट करून देऊ, काळजी करू नका. कावळा शिवला की सर्वांच्या तोंडून सुटलेला श्वास ऐकू येतो. तो नाहीच आला तर गुरुजी दर्भाच्या काड्यांना गाठ मारून कावळा करतात आणि तो पिंडाला लावतात. चोच नाही, डोळे नाहीत, पंख म्हणजे काड्यांची दोन टोके, आणि आयुष्य काही क्षणांचे : पक्ष्याची याहून साधी प्रतिमा महाराष्ट्राच्या धर्मकलेत दुसरी नसेल. तरीही तिला पक्षिशिल्पच म्हटले पाहिजे, कारण दगडातल्या कोणत्याही पक्ष्यावर नाही इतका भार ती उचलते. येथे पक्षी खातो तेव्हाच कार्य पुरे होते. मात्र तो स्वतःसाठी खात नाही. गरुड दुसऱ्यासाठी उपाशी राहिला, कावळा दुसऱ्यासाठी जेवतो. पावित्र्याचे मोजमाप अन्नावर नाही, ते कोणासाठी यावर आहे.

जटायूची कथा या दोहोंना जोडते. वाल्मीकी त्याला स्पष्ट शब्दांत गृध्र, म्हणजे गिधाड, म्हणतो, आणि मराठीत तर गिधाड ही शिवी आहे. प्रेतांवर जगणाऱ्या या पक्ष्याने परक्या स्त्रीसाठी रावणाची वाट अडवली आणि पंख गमावले. वेरूळच्या कैलास लेण्यात रावण-जटायू युद्धाचे शिल्प आहे, आणि राजा रविवर्म्यानेही हाच प्रसंग चितारला, पंख छाटला जातानाचा. कलावंतांना युद्ध आवडते. रामायणाला मात्र त्यानंतरचा प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो : राम जटायूला स्वतः अग्नी देतो आणि गोदावरीवर त्याच्यासाठी तर्पण करतो. प्रेते खाणाऱ्याच्या प्रेताचा असा सन्मान होतो. भोरच्या संस्थानी राजवाड्यात रामनवमीचा उत्सव परंपरेने होत आला आहे, आणि रामाचे चरित्र जेथे गायिले जाते तेथे जटायूचे नाव टळत नाही. खरे गिधाड मात्र सह्याद्रीत आता क्वचित दिसते, कारण जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश असलेले मांस खाऊन त्याची मूत्रपिंडे निकामी झाली. गुरांसाठी या औषधाच्या वापरावर भारतात २००६ साली बंदी आली, ती बहुतेक गिधाडे गेल्यानंतर.

प्रत्येक कोरलेल्या पक्ष्यामागे एवढे तत्त्वज्ञान असते, असा मात्र आग्रह धरू नये. वाड्याच्या चौकटीवरचे राघू शोभेसाठी आणि शुभासाठी असतात, लामणदिव्यावरचा मोर घडवणाऱ्याच्या हौसेसाठी असतो, आणि त्यांचे सौंदर्य तेवढ्यानेही पुरते. शरभाचे तसे नाही. तो अर्थासाठीच घडवलेला प्राणी आहे आणि अर्थ विसरला गेला की तो नुसता एक ओळखू न येणारा दगड होतो. रोहिड्यावर जाणाऱ्यांनी दुसऱ्या दरवाज्यात थोडे थांबून वर पाहावे, शिल्पावर खडू, तेल किंवा रंग लावू नये, आणि बरोबरच्या लहान मुलाने हा कोणता प्राणी असे विचारले तर त्याला वाघ म्हणून वाटेला लावू नये. शरभ हे त्याचे नाव सांगावे, आणि जमल्यास अमृत न पिणाऱ्या गरुडाची गोष्टही.