जुनेर

गोधडीचे निम्मे काम सुई हातात येण्याआधी संपलेले असते. ते निवडीचे काम. ते कुणाला दिसत नाही, म्हणून त्याची मजुरीही कुणी विचारात घेत नाही.

बीड जिल्ह्यात हे काम उन्हाळ्याचे. दसरा झाला की बालाघाटावरची गावे रिकामी होऊ लागतात. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी इकडची जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो; हिशेबाला माणसे लागत नाहीत. गाडीत पीठ, भांडी, लेकरे आणि गोधड्या. कोपीला, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीला, भिंत अशी नसतेच. हंगाम संपल्यावर माणसे परततात आणि पाऊस येईपर्यंतच्या दुपारी पुढच्या थंडीची तजवीज सुरू होते. घर सोडून जाणाऱ्यालाच पांघरुणाचे वजन नेमके ठाऊक असते.

जुनेराचे, म्हणजे जुन्या कपड्यांचे, गाठोडे सोडले की निवाडा सुरू होतो. सुती एकीकडे, टेरिकॉट दुसरीकडे. जाड काठ उसवायचे. बटणे, हूक काढून डब्यात टाकायचे. सगळे धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच हाताशी घ्यायचे. जीनचा तुकडा मध्ये येऊ द्यायचा नाही. तिथे सुई मोडते. आणि जुन्यात कोरे कापड घालायचे नाही. ते पहिल्या धुण्यात आटते आणि शेजारच्या विरलेल्या कापडाला ओढून फाडते. घराघरांतून हेच घडते. नव्याचा हेतू वाईट नसतो. ते फक्त आटत असते.

सर्वांत धड लुगडे वर आणि खाली. नऊवार असले तर एकाच लुगड्यात दोन्ही अंगे निघतात. विटलेले, विरलेले, ठिगळाचे ते आत. ऊब आतल्यांची, ओळख बाहेरच्याची. संस्था आणि घराणी याच रीतीने उभी राहतात. गोधडीत निदान आतले बाहेरच्याशी टाक्याने बांधलेले असते.

लुगडे आधी मधोमध विरते. मग तो भाग कापून धड बाजू एकमेकींना जोडतात, म्हणजे दंड घालतात. तेही झिजले की ते गोधडीत जाते. गोधडीतही निभेना झाले की पोतेरे होऊन चुलीपाशी येते. कापडाच्या उतरणीला एवढ्या पायऱ्या आहेत. नोकरीतून निवृत्त होणाऱ्या माणसासाठी मधली एकही पायरी कुणी ठेवलेली नाही.

शहरातल्या शिवणाच्या खोलीत पारदर्शक डबे असतात, रंगवार लावलेले, वर चिठ्ठ्या. व्यवस्था चोख असते. पण चिठ्ठी लागली की विसरायला परवानगी मिळते. गाठोड्यावर चिठ्ठी नसते. हात आत जातो आणि पोत ओळखून बाहेर येतो. कुणाचा सदरा, कुठल्या लग्नातले लुगडे, हे बोटांना आठवते. अशी आठवण दुसऱ्याच्या हाती सोपवता येत नाही, हा तिचा दोष. बहुतेक घरांतली व्यवस्था एका बाईच्या बोटांत असते आणि तिच्याबरोबर जाते. मग महिनाभर घर वस्तू शोधत राहते.

सुईची जागा मात्र ठरलेली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेला टोचलेली, नाकात हातभर दोरा. दोऱ्याची सुई पडली तरी सापडते; बिनदोऱ्याची पायालाच सापडते. दिवेलागणीला शिवू नये, असेही सांगत. अंधुक उजेडात सुई बोटात जाते, एवढे साधे कारण दिले असते तर कुणी पाळले नसते. अपशकुन म्हटले, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बोटे वाचली.

थर जमिनीवर पसरतात. तळहाताने मधून कडेकडे सारखे करतात. कोपऱ्यांवर दगड ठेवतात आणि आधी लांब, कच्चे टाके घालतात. मग धावदोरा कडेने सुरू होतो आणि फेऱ्या घेत आत येतो. काठाशी राहिलेली ढिलाई फेरीगणिक पुढे सरकते आणि शेवटी मधोमध फुगवटा होऊन बसते. त्या वेळी तिथे कितीही टाके घातले तरी उपयोग नसतो. घरातली भांडणे मिटवणारे बहुधा त्या फुगवट्यापाशीच सुई घेऊन बसलेले असतात.

टाक्यावरून हात ओळखू येतो. एका गोधडीचा एक कोपरा मी आजवर कुणाला उसवू दिलेला नाही. कारण सांगण्यासारखे नाही.

याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला, संतकवी दासोपंतांची (1551–1615) पासोडी जपून ठेवलेली आहे. सुमारे चाळीस फूट लांबीचे कापड. त्यावर पंचीकरण लिहिलेले. विषय असा की, कोणतेही स्थूल महाभूत निखळ नसते. पृथ्वीत अर्धी पृथ्वी. उरलेल्या अर्ध्यात बाकीच्या चौघांचा प्रत्येकी आठवा हिस्सा. सारे जग जोडलेल्या तुकड्यांचे, आणि ते सांगायला घेतले अखंड कापड. त्याच मुलखातल्या बाया तुकडे जोडत होत्या. त्यांना कुणी तत्त्वज्ञ म्हटले नाही. पासोडी चारशे वर्षे टिकली, कारण ती पांघरायला काढली नाही. त्या काळातली एकही गोधडी दाखवता येणार नाही. त्या सगळ्या वापरून संपल्या.

गाडगेबाबांना (1876–1956) लोक गोधडेबुवा म्हणत. त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांपुढे वाकत; ते पाया पडू देत नसत, तरी वाकत. घरी पाहुणा आला की तेच लोक गोधडी माळ्यावर टाकून सोलापुरी चादर काढत. दारिद्र्य दुसऱ्याच्या अंगावर असले की वैराग्य दिसते.

आता दुकानांत कोरे कापड कापून, तुकडे करून, पुन्हा जोडून विकतात. किंमत तुकड्यांची असते. फाटण्याइतका काळ थांबायला कुणाला सवड नाही.

बाजाराच्या गावी यंत्रावर गोधडी शिवून देणारे बसतात. कापड दिले की काम लवकर उरकते. टाके सरळ रेषेत, या कडेपासून त्या कडेपर्यंत. फुगवट्याचा प्रश्नच येत नाही. गोधडी मजबूत होते, हे मान्य करायला हवे. मात्र टेरिकॉट मध्ये निघाले की यंत्रवाला गाठोडे तसेच परत करतो. काठही तो उसवत नाही, बटणेही काढत नाही. ते घरून करून आणा, म्हणतो.